डाव्या अंगठ्याचं नख

"नाना, ग्लास!" मी जवळजवळ ओरडलेच.

कॅन्टीनचा चहा त्या दिवशी इतका उकळता आला होता, की मी माझा ग्लास रुमालात धरून आणला होता आणि बाकावर ठेवून फुंकर घालत बसले होते. समोर नाना कोठावदे आपला ग्लास नुसत्या मुठीत आवळून मला ग्राइंडिंगच्या दगडाविषयी काहीतरी समजावून सांगत होते. काठाच्या वर वाफ दिसत होती आणि नाना आपले बोलतच होते.

"काय झालं गं?"

"हात भाजेल ना!"

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घाईघाईने ग्लास खाली ठेवला आणि हात झटकला. "हो की. भलताच गरम आहे आज."

पण हात झटकायला उशीर झाला होता. ते त्यांनाही कळलं आणि मलाही.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या मे महिन्यातली. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. विजेच्या मीटरच्या आणि पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या तिथे बनायच्या. नाना सत्तावन्न वर्षांचे. मशीनची हत्यारं जिथे घासून तयार होतात ती टूलरूम म्हणजे नाना, असं सव्वीस वर्षं चाललेलं. आणि मी, ज्योत्स्ना आहेर, एकतीस वर्षांची, आयटीआय केलेली, टूलरूममधली एकुलती एक बाई. मी आले तेव्हा ही बाई दोन महिन्यांत पळून जाते की तीन, यावर लोकांनी पैजा लावल्या होत्या. नानांनी मला पहिल्या दिवशी निळा कोट दिला आणि म्हणाले, "खिसे मोठे आहेत. पण त्यात काही ठेवायचं नाही. टूलरूममध्ये खिशात गेलेली वस्तू सासरी गेलेल्या मुलीसारखी असते, कधी परत येईल सांगता येत नाही." मी हसले होते. चार वर्षं टिकलेही.

आमच्याकडे पत्र्याला भोकं पाडणारं एक मोठं मशीन होतं. त्यात बसायचं ते मल्टी-टूल. एका जाडजूड गोल पोलादी घरात सहा पंच, आणि खालच्या घरात त्यांच्या जोडीच्या सहा डाय. पंच वरून येतो, पत्र्यातून पार होऊन डायच्या भोकात शिरतो, आणि कापलेली पत्र्याची टिकली खाली पडते. मशीन ही दोन्ही घरं फिरवून हवा तो पंच पुढे आणतं. ऐकायला सोपं आहे. खरी मेख अशी, की सहाही पंच एका उंचीचे लागतात. एकाची धार गेली म्हणून त्याला घासलं, तर बाकीचे पाच धारदार असले तरी त्यांनाही तेवढंच घासावं लागतं. नाना म्हणायचे, "एकाची अंघोळ निघाली की सहाहीजणांना न्हाणीत घालायचं. रडले तरी." खाली डायचंही तसंच. घासून जी डाय खुजी होते, तिच्याखाली पोलादाची कागदासारखी पातळ चकती घालायची आणि तिला बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचं. त्या चकतीला शिम म्हणतात. वरचं घर नानांचं, खालचं माझं. प्रत्येक मल्टी-टूलला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असायचं आणि त्यावर सह्या. नानांचा नियमच होता, ज्याची सही त्याचं काम. दुसऱ्याने त्यात उगाच बोटं घालायची नाहीत.

धार आली की नाही, हे नाना डाव्या अंगठ्याच्या नखावर बघायचे. पंचाच्या कडेवर नख अलगद टेकवून ओढायचं. अडलं तर धार "घेते". घसरलं तर "सोडते". कंपनीने एक महागडं भिंग आणून दिलं होतं. नानांनी ते जावयासारखं मान देऊन कपाटात ठेवलं होतं, कामाला कधी लावलं नव्हतं. "भिंगातून दिसतं गं," ते म्हणायचे, "कळत नाही." त्यांच्या त्या एका नखावर कायम बारीक बारीक आडव्या रेघा असायच्या.

चहाच्या त्या प्रकारानंतर मी नजर ठेवायला लागले. चार दिवसांनी सापडलं. नाना पुसायचं फडकं बाकावर ठेवून उठले, तर फडक्यावर रक्त. मधल्या बोटाला चांगली अर्ध्या पेराची चीर पडली होती आणि हे गृहस्थ गाणं गुणगुणत होते.

"नाना, बोट कापलंय तुमचं."

"कुठे?" असं म्हणून त्यांनी आधी दुसऱ्याच हाताकडे पाहिलं.

मी दार लोटून घेतलं. पट्टी बांधली. बांधून होईपर्यंत ते दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "साखर. डॉक्टर म्हणतो, नसा गेल्या. पायांपासून सुरुवात झाली, आता बोटं. घरी हिलासुद्धा सांगितलं नाही मी."

"आणि धार? धार कशी बघता मग?"

नानांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटली.

"अंदाजाने," शेवटी ते म्हणाले. "सव्वीस वर्षांचा हात आहे. अजून चुकलेला नाही. पण चुकेल. चौदा महिने राहिलेत गं माझे. आत्ता कळलं तर मला गेटवर बसवतील. येणाऱ्याजाणाऱ्यांचे डबे उघडून बघायला. सव्वीस वर्षं टूलरूम सांभाळली ती काय डबे बघायला?"

"मग काय करायचं?"

त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, अंगठा वर केला, आणि माझ्या नखावरची महिन्याभरापूर्वीची नेलपॉलिशची खूण बघून नाक मुरडलं. "हे खरवडून टाक. उद्यापासून तुझं नख मला दे."

तसं ठरलं. नाना घासायचे, पंच माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "बोल." मी नख ओढायचे आणि सांगायचे, "घेते" किंवा "सोडते". घासणं त्यांचं, कळणं माझं. कार्डावर "धार केली" पुढे त्यांची सही आणि "धार तपासली" पुढे माझी. लोकांना वाटायचं, नाना जाता जाता हिला तयार करतायत. मॅनेजर दबीरसाहेब एकदा कौतुकाने म्हणालेही, "कोठावद्यांनी शिष्या बरी निवडली." नाना नुसते हसले. मला खरं तर त्या आठ महिन्यांत इतका आनंद झाला होता, की आता आठवलं तरी लाज वाटते. एक माणूस बोटाबोटाने हरवत चालला होता आणि मी खुशीत होते, कारण मी कुणाला तरी एवढी लागत होते.

मग जानेवारी आला आणि आमच्या प्रज्ञाच्या शाळेचं गॅदरिंग आलं. पोरगी पहिलीत होती, नाचात पोपट झाली होती. बुधवारी कार्यक्रम, म्हणून मी त्या दिवसाची रजा टाकली. मंगळवारी संध्याकाळी मी एका मल्टी-टूलचं खालचं घर उघडलं होतं. डाय काढून रॉकेलने धुतल्या, शिमा पुसून फडक्यावर ओळीने मांडत होते. एवढ्यात ऑफिसातून निरोप, घरून फोन आहे. फोनवर माझी नणंद. भाड्याच्या कपड्यांचं दुकान सहाला बंद होतं, आणि आपण आलो नाही तर पोपट दुसऱ्या कुणाला जाईल. मी धावत परत आले, घर जुळवलं, बोल्ट आवळले, "डाय लावल्या" पुढे सही केली आणि पर्स उचलली. कंपनीची बस सव्वापाचला सुटायची.

नाना कार्ड हातात घेऊन दारातच उभे. "या मल्टीचे पंच बोथट झालेत. घासायला काढतो."

"परवा काढा. उद्या मी नाही."

"परवाच काढतो. पण तू तेवढी धारेची सही करून ठेव."

"न बघता?"

"उद्या दबीर चक्कर मारेल. कोरी जागा बघून म्हणेल, आहेर नाहीत तर तपासायला खैरनारला बोलवा. मग मी काय सांगू?" खैरनार म्हणजे मशीन चालवणारा. माणूस भला, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. "सही असली की प्रश्नच नाही. तू येईपर्यंत मी मशीनवर लावणार नाही. शप्पथ."

बस हॉर्न देत होती. मी भिंतीला कार्ड टेकवून सही केली. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली. कोट खिळ्याला अडकवला आणि पळाले.

पोपट मिळाला. बुधवारी प्रज्ञाची चोच नाचता नाचता तोंडावरून डोक्यावर गेली आणि सगळी शाळा हसली. ती रडली नाही, तशीच नाचत राहिली. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्याच वेळी अंबडला काय चाललं होतं, ते मला गुरुवारी सकाळी बसमध्ये कळलं.

"मॅडम, तुमची मल्टी गेली," खैरनार माझ्या शेजारी येऊन बसत म्हणाला. "काल तातडीची ऑर्डर आली, पॅनेलच्या दारांची. दबीरसाहेब स्वतः आले टूलरूममध्ये. कोठावदे नानांनी सहाही पंच घासून दिले, मी चढवली. चाळीसेक दारं झाली नसतील, तर चौथ्या पंचाला टिकली खाली पडेना. पंचाबरोबर वर आली, पत्र्याखाली अडकली, वरून दुसरा ठोका बसला. पंच तुटला, पत्रा ओढला गेला आणि घराची मान गेली. बंदुकीसारखा आवाज हो. मी म्हटलं, गेलो."

"कुणाला लागलं?"

"नाही, लागलं नाही. पण साहेब फार पेटलेत. मशीन महिना दीड महिना बंद राहणार म्हणतात. बोथट धारेमुळे झालं म्हणे."

माझ्या बोटांच्या टोकांना अजून पोपटाचा हिरवा रंग होता. मी हात पदराखाली घेतला.

कोट अंगात घालते न घालते तोच दबीरसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. नाना आधीच तिथे उभे होते. खैरनारही होता. टेबलावर मोडलेल्या घराचे भाग, न मोडलेले पाच पंच आणि रॉकेलचे डाग पडलेलं ते कार्ड. दबीरसाहेब वाईट माणूस नव्हते. आवाज चढवण्याची त्यांना सवयही नव्हती, आणि त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही.

"आहेरबाई, काल तुम्ही कुठे होतात?"

"रजेवर, साहेब."

"मग कालच्या तारखेच्या कार्डावर धार तपासल्याची सही तुमची कशी?"

मी कार्डाकडे पाहिलं. तारीख नानांच्या अक्षरात होती. त्यांनी ती प्रामाणिकपणे घातली होती, बुधवारची. त्यांच्या डोक्यात खोटी तारीख आलीच नसणार.

"न बघता सही केलीत?"

"हो."

"का?"

नाना माझ्याकडे बघत नव्हते. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांचं नाव घ्यायचं नाही एवढंच मला कळत होतं. "घाईत होते," मी म्हटलं.

"घाईत," साहेब सावकाश म्हणाले. "बाई, ही खोटी सही आहे. तो पंच खैरनारच्या अंगावर आला असता तर? मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मला वाईट वाटतं, पण—"

"साहेब," नाना मध्येच म्हणाले. "जरा थांबा."

त्यांनी टेबलावरच्या पाच पंचांमधला एक उचलला. डावा अंगठा त्याच्या कडेवर ठेवला. मला वाटलं, नख लावतायत. पण त्यांनी अंगठा उलटा केला होता. नख नाही, पेर. आणि ते पेर त्यांनी त्या कडेवर दाबून सरळ ओढलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. रक्त कार्डावर पडायला लागलं.

"अहो कोठावदे!" साहेब खुर्चीतून उठले.

"मला कळत नाही, साहेब," नाना म्हणाले. "हे आत्ता कापलं ना? मला खाली बघावं लागतं, तेव्हा कळतं. आठ महिने झाले. धार हिचं नख बघतं, माझं नाही. ही रोज खरी सही करत होती. कालची तेवढी मी मागून घेतली. ती नको म्हणत होती. काल तुम्ही तातडी लावलीत, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. भिंग काढलं कपाटातून, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दिसायला धार नीट होती. पण ते दिसणं झालं. बोटांनी फसवलं मला. तिला काही करू नका."

दबीरसाहेबांनी स्वतःचा रुमाल काढून त्यांच्या अंगठ्याला गुंडाळला. खैरनार नाक ओढत होता. मी तिथेच रडायला लागले, आणि नाना मला म्हणाले, "आता रडून काय? जा, ते तुकडे गोळा कर. टूलरूममध्ये ने."

त्यांना खैरनारबरोबर दवाखान्यात पाठवलं. सात टाके पडले.

मी तुकडे नेले. दिवसभर डोकं चालत नव्हतं. संध्याकाळी बाकावर ते पाच पंच ओळीने मांडून बसले आणि सवयीने एकेकाला नख लावलं. पहिला. घेते. दुसरा. घेते. ज्याच्यावर नानांचं रक्त वाळलं होतं तोही घेत होता. पाचही घेत होते, इतके की माझ्या नखाची साल निघाली. एकाच बैठकीला, एकाच दगडावर, एकाच हाताने सहा पंच घासले, आणि त्यातला एकटा चौथाच बोथट कसा राहिला? घामाने हात ओले झाले होते. मी रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटाला काहीतरी थंड लागलं.

शिम. पातळ, गोल, तेलकट. चौथ्या डायच्या मापाची.

मंगळवारी नणंदेचा फोन आला तेव्हा ती शेवटची शिम माझ्या हातात होती. घाईत ती फडक्यावर ठेवायची सोडून खिशात टाकली आणि पळाले. परत आल्यावर फडक्यावर जेवढ्या दिसल्या तेवढ्या बसवल्या. चौथी डाय खाली बसली. पंचाला ती पुरती गाठता येईना, टिकली खाली ढकलली जाईना, म्हणून ती पंचाबरोबर वर आली. नानांच्या धारेत काही खोट नव्हती. खोट माझ्या खिशात होती. वरचं घर त्यांचं, खालचं माझं, आणि त्यात बोटं घालायची नाहीत हा नियम त्यांचा, म्हणून त्यांनी माझं काम तपासलंच नव्हतं.

दबीरसाहेबांच्या केबिनमधला दिवा चालू होता. मी शिम मुठीत घेऊन दारापर्यंत गेले. आतून त्यांच्या फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. मी मनाशी म्हटलं, फोन संपला की जाऊ. फोन संपला. मी म्हटलं, आता सांगून काय होणार? नानांची बोटं गेलीत हे तर कळलंच आहे, ती काही या शिमेने परत येणार नाहीत. मग घरचे दिसले, प्रज्ञा दिसली. मला भीती वाटत होती, बस, एवढंच खरं आहे. बाकीची कारणं मी नंतर जमवली. बसचा हॉर्न वाजला आणि मी वळले.

नानांनी गेटवर बसायला नकार दिला. महिनाअखेर राजीनामा दिला. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते म्हणाले, "माझ्या हाताने शेवटी दगा दिला, पण त्याआधी सव्वीस वर्षं दिला नाही, एवढं लक्षात ठेवा." मग दबीरसाहेबांना म्हणाले, टूलरूम आहेरांना द्या. ती त्यांनी मला दिली. नानांची खुर्ची, नानांचं कपाट, नानांचं भिंग.

सहा वर्षं मी दिवाळीला त्यांच्याकडे जात राहिले. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, नाना आणि काकू दोघंच. दर वेळी शिम पर्समध्ये असायची, दर वेळी मी ती तशीच परत आणायचे. नाना चौकशी करायचे, नवीन मल्टी कशी आहे, पोरं शिमा नीट घालतात ना. दर वेळी कधीतरी तो विषय निघायचाच. "भिंगात धार नीट दिसत होती बघ," ते म्हणायचे. "कशी सुटली माझ्या हातून, काही कळत नाही." आणि अंगठ्यावरची पांढरी खूण चोळत बसायचे. मी करंजीचा तुकडा मोडायचे आणि काकूंना विचारायचे, सारणात खसखस घातली का.

सातव्या वर्षी दिवाळीआधीच काकूंचा फोन आला. पायाची जखम भरत नव्हती, दोन बोटं काढली होती. मी गेले. नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते. वाळले होते, पण बोलणं तसंच.

"ये गं टूलरूम. बस."

काकू म्हणाल्या, "बरं झालं आलीस. यांची नखं वाढलीत बघ. मला कापायची भीती वाटते. लागलं तर यांना कळतच नाही, आणि लागलेलं भरत नाही. तुझा हात हलका आहे."

मी कागद पसरला, नेलकटर घेतलं, डावा हात मांडीवर घेतला. करंगळीपासून सुरुवात केली. हात थंड होता. चार बोटं झाली. मग अंगठा आला, आणि त्याच्यावरची ती खूण अगदी माझ्या डोळ्यांसमोर आली. माझ्याने पुढे होईना.

"काय गं?"

मी पर्समधून शिम काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. ती त्यांना जाणवली नाही. त्यांनी खाली बघितलं.

"शिम आहे," ते म्हणाले. "कशाची?"

"त्या मल्टीची. चौथ्या डायची. माझ्या कोटाच्या खिशात राहिली होती, नाना. मी घातलीच नव्हती. डाय खाली बसली होती, म्हणून टिकली वर आली. तुमच्या धारेने काही झालं नव्हतं. बाकीचे पाच पंच मी नखावर बघितले होते."

नाना किती तरी वेळ त्या चकतीकडे बघत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "धार घेत होती?"

"घेत होती, नाना."

"पाचही?"

"पाचही. माझ्या नखाची साल निघाली होती."

त्यांचा चेहरा बदलला. सहा वर्षांत तो चेहरा मी बघितला नव्हता. "अगं ऐकलंस का!" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "इकडे ये आधी! धार घेत होती!"

काकू हात पुसत बाहेर आल्या. "कसली धार?"

"त्या दिवसाची! मी म्हणत नव्हतो, भिंगात नीट दिसत होती? बोटं गेलेली असताना सहा पंच घासले, आणि पाच घेत होते. म्हणजे सहावाही घेतच असणार. हात चुकला नव्हता माझा. ही सांगतेय बघ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. नातू पास झाल्यासारखं त्यांनी ते तीन तीनदा सांगितलं. काकूही हसल्या, त्यांना किती समजलं कोण जाणे. मीही रडत हसत होते. मला वाटलं, सुटले.

मग नाना हळूहळू शांत झाले. शिम दोन बोटांत धरून त्यांनी उजेडात फिरवली.

"तुला कधी सापडली ही?"

खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी," मी म्हटलं. "गुरुवारी संध्याकाळी."

त्यांनी मान हलवली. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू झाली. मी डोळे पुसले आणि अंगठ्याचं नख कापायला पुन्हा त्यांचा हात धरला. नानांनी तो माझ्या हातातून सावकाश सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "बाकीची ही कापेल."

"मी?" काकू घाबरून म्हणाल्या. "अहो, मला नाही जमणार. लागलं तर तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

"काप तू," नाना म्हणाले. "लागलं तर लागलं."

मी नेलकटर काकूंच्या हातात दिलं.